गोंदियाच्या रानवाटा आणि त्यांचे राखणदार

गोंदिया हें नांव शहरांतील माणसाला ठाऊक असतें तें बहुधा रेल्वेच्या जंक्शनामुळें. हावड्याकडे जाणारी गाडी तेथें थांबते, तांदळाच्या गिरण्यांचीं धुरांडीं दिसतात, आणि गाडी पुन्हां पूर्वेकडे निघाली म्हणजे थोड्याच वेळांत दोन्ही बाजूंना रान सुरू होतें. दरेकसा स्टेशन आलें कीं डोंगर जवळ येतात आणि रूळ बोगद्यांत शिरतो. खिडकीबाहेर पाहणाऱ्या प्रवाशाला झाडें दिसतात. त्या झाडांमधून गेलेल्या वाटा मात्र दिसत नाहींत. या वाटा आपोआप झालेल्या नाहींत, आणि आपोआप टिकलेल्याहि नाहींत. एक पावसाळाभर त्यांच्याकडे कोणी पाहिलें नाहीं, तर तरोटा आणि बांबूचे फोक वाट झांकून टाकतात, ओढा तिचा कांठ खातो, वादळानें पडलेलें ऐनाचें झाड आडवें पडून राहतें, आणि पुढल्या वर्षीं तेथें वाट होती असें सांगितलें तरी कोणाला पटत नाहीं. त्या वाटा कोणी राखल्या, कोणाच्या हुकुमानें राखल्या आणि त्यापायीं कोणाला काय सोसावें लागलें, ही हकीगत या जिल्ह्याच्या इतिहासांत कोठें एका जागीं लिहिलेली सांपडत नाहीं. ती तुकड्यातुकड्यांनीं गोळा करावी लागते.

जिल्हा म्हणून गोंदिया नवा आहे. 1 मे 1999 रोजीं भंडारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन तो निर्माण झाला. म्हणून जुन्या कागदांत त्याचा शोध घ्यावयाचा तो भंडाऱ्याच्या नांवाखालीं. वैनगंगेच्या बाजूला सपाट भातशेती आणि पूर्वेला व दक्षिणेला रान, अशी त्याची सर्वसाधारण ठेवण आहे. देवरी, सालेकसा, सडक-अर्जुनी आणि अर्जुनी-मोरगांव हे विशेषेंकरून रानाचे तालुके. साग, ऐन, बीजा, धावडा, मोह, तेंदू आणि बांबू हीं येथलीं मुख्य झाडें. आणि त्यांच्या मधून मधून लहानमोठे तलाव इतके, कीं या मुलुखाला तलावांचा जिल्हा असेंच म्हणण्याचा प्रघात पडला आहे.

इंग्रजी अमलापूर्वीं या रानांतून जी मोठी वाहतूक होई ती बंजाऱ्यांच्या तांड्यांची. छत्तीसगडचें धान्य पश्चिमेकडे आणि किनाऱ्याकडील मीठ पूर्वेकडे, अशी ही ये-जा बैलांच्या पाठीवरून चालत असे. एकेका तांड्यांत शेंकडों बैल असत. अग्रभागीं सजविलेला मानाचा बैल, मागें गोणी लादलेल्या जनावरांची लांबच लांब रांग, बरोबर बायकामुलें, कुत्रीं आणि नायक. सायंकाळीं पाण्याची जागा पाहून मुक्काम पडे. गोण्या एकावर एक रचून त्यांचा कोट करीत आणि त्याच्या आड माणसें व जनावरें रात्र काढीत. वाघबिबट्याच्या मुलुखांत याहून स्वस्त तटबंदी दुसरी नव्हती. अशा मुक्कामाच्या जागा ठरलेल्या असत. तेथें झरा असेल तर तो उपसून मोकळा करावयाचा, विहीर पडली असेल तर पुन्हां खोदावयाची, हें ज्या तांड्याला गरज पडे तो करी आणि मागून येणाऱ्या तांड्याला तें आयतें मिळे. वाट राखण्याकरितां वेगळे कष्ट घ्यावे लागत नसत. दर सालीं हजारों खुरांनीं तुडविलेल्या जमिनीवर गवताला डोकें वर काढतां येत नसे.

ही व्यवस्था रेल्वेनें मोडली. नागपूरहून राजनांदगांवकडे जाणारा लोहमार्ग 1880 नंतरच्या दशकांत चालू झाला, 1887 मध्यें स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें तो ताब्यांत घेतला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत गोंदियाहून उत्तरेस जबलपुराकडे व दक्षिणेस चांद्याच्या दिशेनें फांटे निघाले. गोंदिया भरभराटीस आलें; तांडे बसले. बैलांच्या वाटा बुजल्या त्या बुजल्याच.

मुक्कामाच्या जागेला प्रथम पाणी लागतें, आणि या भागांतील रानांत पाणी आहे तें बऱ्याच अंशीं कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं अडविलेलें आहे. नवेगांवचा बांध हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी या माणसानें तो बांधला असें सांगतात. भोंवतालच्या सात टेंकड्यांना सातबहिणी म्हणतात, आणि बांध घालण्याच्या कामीं या बहिणींनीं कोलू पाटलाला साहाय्य केलें अशी लोककथा आहे. कोलू पाटील स्वतः पुढें देव झाला. कोलासुर या नांवानें त्याचें ठाणें टेंकडीवर आहे. तलाव बांधणाऱ्याला देवपण देणारा हा मुलूख आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे, कारण लढाई जिंकणाऱ्या कोणा सरदाराला येथें तो मान मिळालेला ऐकिवांत नाहीं.

तलाव एकदां बांधून भागत नाहीं. पाळीला उंदीर-घुशी बिळें पाडतात, पावसानें माती खचते, पाट गाळानें भरतो. ज्या ज्या शेताला पाणी मिळे त्या त्या घरचीं माणसें पावसाळ्यापूर्वीं माती टाकावयास आणि पाट उपसावयास येत. मालगुजार हुकूम सोडी हें खरें, परंतु पाळ फुटली तर आपलेंच भात बुडणार हें प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळें हुकुमाची धार फारशी लागत नसे. 1951 मध्यें मध्यप्रदेशांत मालगुजारी संपली. ती संपावयासच हवी होती. परंतु तलाव सरकारजमा झाले आणि ‘आपला तलाव’ म्हणणारे कोणी उरलें नाहीं. पाळीवर झुडुपें वाढलीं, गाळ सांचत गेला. अलीकडे गोंदिया आणि भंडारा या दोन्ही जिल्ह्यांत कांहीं गांवांनीं, विशेषतः मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या संस्थांनीं, असे तलाव पुन्हां हातीं घेतले आहेत. बेशरमाचीं झुडुपें उपटून पाण्यांतील देशी वनस्पति त्यांनीं स्वतःच्या हातांनीं लावल्या आहेत, आणि या कामांत स्त्रिया पुढें आहेत.

आतां घोड्यांच्या वाटांकडे वळूं. 1854 मध्यें नागपूरचें राज्य खालसा झालें आणि 1861 मध्यें मध्यप्रांत निर्माण झाला. त्याच सुमारास, 1860 मध्यें, कॅप्टन पिअर्सन यांच्या हाताखालीं या प्रांताचें जंगलखातें सुरू झालें. पिअर्सन व त्यांचे साहाय्यक फॉर्सिथ हे दोघेहि घोड्यावरून रानोमाळ हिंडणारे अधिकारी. फॉर्सिथ यांचें मध्यहिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील पुस्तक 1871 मध्यें प्रसिद्ध झालें आणि अजूनहि वाचलें जातें. रेल्वेच्या स्लीपरांना लांकूड हवें होतें. म्हणून रान मोजावयाचें, झाडें गणावयाचीं आणि वणव्यापासून राखावयाचीं. पिअर्सन यांनीं त्या काळच्या होशंगाबाद जिल्ह्यांतील बोरीच्या रानांत वणवा रोखण्याचा प्रयोग केला, आणि तेथून जाळरेषेची पद्धति प्रांतभर पसरली. जाळरेषा म्हणजे रानाच्या कडेनें व मधून काढलेला झाडोऱ्याविना पट्टा. हिवाळ्यांत त्यावरील गवत कापावयाचें, वाळूं द्यावयाचें, आणि उन्हाळा लागण्यापूर्वीं तें माणसांच्या देखरेखीखालीं जाळून टाकावयाचें, म्हणजे पुढें वणवा आला तरी त्या पट्ट्याशीं येऊन त्याला खाद्य मिळत नाहीं. 1865 व 1878 च्या जंगल कायद्यांनीं रानें राखीव झालीं, आणि राखीव रानाच्या नकाशावर जाळरेषा, घोड्याच्या वाटा, नाके आणि बंगले यांचें जाळें उमटलें.

साहेबाचा दौरा दिवाळीनंतर सुरू होई आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं संपे. तंबूंचे दोन संच असत; एकांत साहेब झोपलेला असतां दुसरा रातोरात पुढल्या मुक्कामाला जाई, आणि सकाळीं साहेब घोड्यावरून रान तपाशीत तेथें पोहोंचे तों चहा तयार असे. ही सोय कशी होत असे याचें वर्णन दौऱ्यांच्या आठवणींतून क्वचितच येतें. पुढल्या मुक्कामाची जागा झाडून स्वच्छ करणें, घोड्याला गवत आणणें, जळाऊ लांकूड, दूध, कोंबड्या गोळा करणें, तंबूचें ओझें वाहणें, ओढ्याला उतार करून देणें, वाटेवर आडवें पडलेलें झाड तोडणें, हीं सारीं कामें जवळच्या खेड्यांतील गोंड-हलबांच्या अंगावर पडत. सामान पुरविणें याला रसद म्हणत आणि अंगमेहनतीला बेगार. दाम मिळालाच तर तो शिपाई, नाकेदार, मुनशी अशा पायऱ्या उतरत खालीं येई, आणि प्रत्येक पायरीवर कांहीं तरी गळे.

याहून पक्की व्यवस्था होती ती जंगलगांवांची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या सुमारास मध्यप्रांताच्या जंगलखात्यानें राखीव रानाच्या आंत आपलीं गांवें वसविलीं. कुटुंबाला थोडी जमीन, घरापुरतें लांकूड आणि चराई मिळे. मोबदल्यांत खातें बोलावील तेव्हां कामाला आलें पाहिजे, मग धानाची कापणी तोंडावर आलेली असो अगर घरांत आजारी माणूस असो. मजुरी ठरलेली असे, म्हणून खात्याच्या दृष्टीनें ही बेगार नव्हती. परंतु जमिनीवर हक्क नाहीं, पट्टा कायमचा नाहीं, आणि कामाला नकार दिला तर गांव सोडावें लागणार, अशा माणसाची राजीखुशी किती मोलाची समजावयाची? 1940 नंतर ग्रिग्सन या अधिकाऱ्याला मध्यप्रांत-वऱ्हाडांतील आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यास नेमलें होतें. त्यांचा अहवाल 1944 मध्यें प्रसिद्ध झाला, आणि बेगारीचा प्रश्न सरकारच्याच अधिकाऱ्यानें त्यांत मांडला. पूर्वेकडील रान बऱ्याच अंशीं जमीनदारांचें होतें. आमगांव, कामठा, चिचगड, पळांदूर येथल्या जमीनदाऱ्या प्रसिद्ध आहेत. जमीनदाराच्या रानांतील कुळाची अवस्था सरकारी रानांतल्यापेक्षां बरी होती असें मानण्यास आधार नाहीं.

असंतोष मुरत होता तो 1930 मध्यें वर आला. मिठाचा सत्याग्रह समुद्रकांठच्या लोकांचा. वऱ्हाड-नागपूरकडे समुद्र नाहीं, परंतु रान आहे. 10 जुलै 1930 रोजीं लोकनायक अणे यांनीं पुसदच्या राखीव जंगलांत गवत कापून कायदा मोडला, आणि जंगल-सत्याग्रह मध्यप्रांतभर पसरला. गोंदियाच्या उत्तरेकडील शिवनी जिल्ह्यांत तुरिया येथें त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत पोलिसांनीं गोळी झाडली. मेलेल्यांत आदिवासी स्त्रिया होत्या. शहरांतल्या पुढाऱ्याला गवताची मूठ ही स्वातंत्र्याची खूण होती. खेड्यांतल्या माणसाला ती गुरांची वैरण होती, आणि ज्या रानाची वाट आपण साफ करतों त्याच रानांत पाऊल टाकतांना नाकेदाराला हात जोडावे लागतात ही त्याची मूळ तक्रार होती. दोघांचे अर्थ वेगळे असूनहि दोघे एकाच कुरणांत उतरले, यांतच त्या चळवळीचें बळ होतें.

स्वातंत्र्यानंतर बेगार कायद्यानें गेली. राज्यघटनेच्या 23 व्या कलमानें वेठीला मनाई केली. भंडारा जिल्हा 1956 मध्यें मुंबई राज्यांत आणि 1960 मध्यें महाराष्ट्रांत आला. नागझिऱ्याचें रान 1970 मध्यें अभयारण्य झालें, नवेगांवला 1975 मध्यें राष्ट्रीय उद्यान झालें, आणि डिसेंबर 2013 मध्यें या दोहोंसह आसपासचीं रानें मिळून नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. मराठी वाचकांच्या मनांत हीं रानें रुजविण्याचें श्रेय मात्र सरकारी जाहीरनाम्याला नाहीं. व्यंकटेश माडगूळकर यांनीं नागझिऱ्यांत राहून त्याच नांवाचें पुस्तक लिहिलें. मारुती चितमपल्ली यांनीं नवेगांवच्या आपल्या नोकरीच्या दिवसांवर लिहिलें. चितमपल्ली हे वनाधिकारी. परंतु त्यांच्या पुस्तकांत रान दाखविणारा माणूस म्हणून गांवचे माधवराव पाटील डोंगरवार पानोपानीं भेटतात. पक्षी कोठें घरटें करतो, कोणत्या महिन्यांत कोणता मासा कोठें सांपडतो, हें ज्ञान पिढ्यानुपिढ्या त्या वाटा चालल्यावांचून येत नाहीं, आणि अधिकाऱ्यानें तें मोकळेपणानें मान्य करावें हें साहेबी काळांत दुर्मिळ होतें.

स्वतःच्या खुषीनें रानवाट राखणें हा प्रकार दुसरीकडे कसा रूढ झाला तें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंत 1964 मध्यें एक कायदा झाला. कांहीं सरकारी अरण्यें अगदीं मूळ स्थितींत ठेवावयाचीं, तेथें मोटार नाहीं, यंत्र नाहीं, असा तो नियम. मग वाटेवर पडलेलीं झाडें दूर करावयाचीं कशीं? तर दोघांनीं दोहों बाजूंनीं ओढावयाच्या करवतीनें आणि कुऱ्हाडीनें. सामान न्यावयाचें कसें? घोड्याच्या व खेचराच्या पाठीवरून. सरकारजवळ एवढीं माणसें नव्हतीं. 1973 मध्यें माँटाना संस्थानांतील कांहीं घोडेस्वारांनीं संघ काढला आणि ज्या वाटांवरून आपण सुट्टींत फिरतों त्या आपणच साफ करूं, मुक्कामाच्या जागाहि आपणच राखूं, असें ठरविलें. अशा मंडळ्या आतां त्या देशांत ठिकठिकाणीं आहेत. तेथील स्वयंसेवक बहुधा घोडा बाळगण्याची ऐपत असलेला गृहस्थ असतो. शनिवार-रविवार श्रम करतो आणि सोमवारीं कचेरींत जातो. काम चांगलें, यांत शंका नाहीं. गोंदियाच्या रानांत तसाच स्वयंसेवक शोधूं गेल्यास निराशा होईल, कारण येथें वाट राखणाऱ्याचें घर रानाच्या कडेलाच असतें, आणि त्याला रान ही सुट्टींतली जागा नव्हे.

शहरांतून येणारे हौशी स्वयंसेवक येथेंहि आहेत. वैशाखी पौर्णिमेच्या रात्रीं, चांदणें लख्ख असतें आणि पाणवठे थोडे उरलेले असतात, तेव्हां वनखातें नागरिकांना मचाणावर बसवून पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करावयास सांगतें. अलीकडे त्याला निसर्गानुभव असें नांव दिलें आहे. नागझिऱ्याच्या विश्रामगृहांत विजेचे दिवे नाहींत, आणि तें तसेंच असावें असें तेथें जाणाऱ्यांचें मत आहे. किरण पुरंदरे यांच्यासारखा पुण्याचा पक्षिनिरीक्षक चारशें दिवस त्या रानांत राहिला आणि पुढें रानाकांठच्या पिटेझरी गांवींच घर करून राहिला. असा मनुष्य अपवादच.

परंतु रानाचा खरा भार गांवांवर आहे, आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कायद्याची भाषा सावकाश गांवाकडे वळली आहे. महाराष्ट्र सरकारनें 1992 मध्यें संयुक्त वनव्यवस्थापनाचा ठराव केला. गांवानें रान राखावें आणि उत्पन्नाचा वांटा घ्यावा अशी त्याची कल्पना. 2006 च्या वनहक्क कायद्यानें ती पुढें नेली. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवाला 2009 मध्यें आपल्या रानाचा सामूहिक हक्क मिळाला आणि देशभर त्या गांवाचें नांव झालें. गोंदिया जिल्ह्यांत देवरी तालुक्यांतील ग्रामसभांनीं असे हक्क मिळविले आणि एकत्र येऊन महासंघ स्थापन केला. तेंदूचीं पानें ठेकेदारामार्फत न जातां ग्रामसभांनीं स्वतः विकण्याची सुरुवात तेथें झाली आहे.

तेंदूच्या पानांचा आणि वाटांचा संबंध आहे तो वणव्यामुळें. तेंदूच्या झुडुपाला आग लागली कीं नवीं कोंवळीं पानें जोमानें फुटतात, म्हणून पूर्वीं ठेकेदारांचीं माणसें रान पेटवून देत. मोहाच्या फुलांच्या दिवसांतहि झाडाखालचा पाचोळा जाळतात, म्हणजे पडलेलीं फुलें वेंचावयास सोपीं जातात. ती ठिणगी पुढें कोठें जाते हें वेंचणाऱ्याच्या हातीं राहात नाहीं. जेथें रान गांवाच्या नांवावर आलें तेथें ग्रामसभा ठराव करते कीं आग लावावयाची नाहीं, तेंदूचीं खुंटें कोयत्यानें छाटावयाचीं, मोहाखालीं झाडून घ्यावयाचें. मग पाळीपाळीनें घरटी एक माणूस रानांत फेरी मारतो आणि त्या फेरीनें वाट आपोआप मोकळी राहते. नाल्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून वनराई बंधारे घालतात; त्याचें पाणी फेब्रुवारी-मार्चापर्यंत टिकतें आणि गुरांना व हरणांना पुरतें. येथें श्रमदान हा शब्द बहुतेक वेळां खरा असतो. कधीं कधीं नसतोहि. वरून उद्दिष्ट येतें, तसबीर काढावयाची असते, आणि मग श्रमदानाला बेगारीचा जुना वास येऊं लागतो. गांवकऱ्याला तो दुरूनहि ओळखतां येतो.

व्याघ्रप्रकल्पाच्या आंत मात्र ग्रामसभा नाहीं; तेथें वनखात्याचे नोकर आणि हंगामापुरते घेतलेले मजूर वाटा व जाळरेषा राखतात. हे मजूर आसपासच्या खेड्यांतलेच. 8 एप्रिल 2021 रोजीं नागझिऱ्याच्या रानांत वणवा पेटला. विझविण्यास गेलेले मजूर वाऱ्यानें उलटलेल्या ज्वाळांत सांपडले. तिघे जागींच मेले आणि दोघे गंभीर भाजले. त्यांच्या हातांत डहाळ्या आणि पाला उडविणारीं यंत्रें, अंगावर रोजचे साधे कपडे, इतकीच सामग्री अशा कामाला असते. चार दिवस वर्तमानपत्रांतून चर्चा झाली, कुटुंबांना मदत जाहीर झाली. तो काळ साथीच्या रोगाच्या दुसऱ्या लाटेचा होता, आणि शहरांचें लक्ष लौकरच अन्यत्र गेलें. हंगामी मजुराला वणव्याशीं झुंजण्याचें शिक्षण आणि विम्याचें संरक्षण असावें, एवढें मागणें त्यानंतरहि जुनें झालेलें नाहीं. पिअर्सन यांच्या काळापासून आजपर्यंत जाळरेषा कोणी आखल्या त्या अधिकाऱ्यांचीं नांवें दप्तरांत आहेत. त्या जाळणाऱ्यांचीं नाहींत.

वाटा जनावरांच्याहि असतात. नागझिरा आणि नवेगांव या दोन रानांमधून नागपूर-रायपूर हमरस्ता जातो; जुन्या काळीं त्यावरून छत्तीसगडच्या धान्याच्या गाड्या येत, आतां मालमोटारी रात्रंदिवस धांवतात. गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या रानांत ऑगस्ट 2023 मध्यें मोटारीची धडक बसून एक वाघ मेला. तांड्याच्या बैलांनीं वाघाची वाट अडविल्याचें कोणी ऐकलें नव्हतें.

रानवाट आणि रानांतील मुक्काम खुषीनें राखल्याचें सर्वांत मोठें उदाहरण या जिल्ह्यांत पाहावयाचें तर सालेकसा तालुक्यांत कचारगडला जावें. दरेकसा स्टेशनापासून जवळच धनेगांव आहे, आणि त्याच्यामागें डोंगरांत एक प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. गोंडी परंपरेप्रमाणें तेहतीस बालकें या गुहेंत कोंडलीं गेलीं होतीं. पारी कुपार लिंगो यानें त्यांना सोडविण्याचा निश्चय केला. हिरासुका पाटालीर हा किन्नरी वाजविणारा त्याच्या साथीला होता. त्याच्या वाद्याच्या नादानें आंतल्या मुलांना बळ आलें आणि दारावरची शिळा ढकलली गेली. मुलें सुटलीं, परंतु हिरासुका त्या शिळेखालीं सांपडून मेला. त्याच बालकांपासून गोंडांचीं कुळें निघालीं आणि त्यांना लिंगोनें धर्म शिकविला, अशी श्रद्धा आहे.

ही कथा आजीआजोबांच्या तोंडीं होती, परंतु जागेचें महत्त्व विसरलें गेलें होतें. 1980 नंतरच्या दशकांत मोतीरावण कंगाली प्रभृति थोड्या शिकलेल्या गोंड मंडळींनीं तेथें जाण्यास सुरुवात केली. कंगाली हे नोकरीनिमित्त नागपुरांत राहणारे, गोंडी भाषेचे व संस्कृतीचे अभ्यासक. 2015 मध्यें ते वारले. आरंभीं ही मूठभर माणसें झुडुपें बाजूला सारीत गुहेपर्यंत चढलीं. आज माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथें महाराष्ट्र, मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा अनेक राज्यांतून लाखोंच्या संख्येनें गोंड येतात. कोणी गाडीनें, कोणी ट्रॅक्टरांतून, कोणी पायीं. धनेगांवच्या शेतांत व रानाच्या कडेला त्यांचा तळ पडतो, चुली पेटतात, ढोल वाजतात, आणि पहांटेपासून गुहेच्या वाटेवर माणसांची ओळ लागते. कागदोपत्रीं भोंवतालचें रान वनखात्याचें आहे. वाटेवर दगड बसविणें, पाण्याची सोय, चढणीवर वृद्धांना हात देणें, तळावरचा कचरा उचलणें यांसाठीं समाजाच्या समित्या आणि तरुण स्वयंसेवक राबतात. खातें व जिल्ह्याचे अधिकारी मदत करतात. यांना कोणी पाचारण केलेलें नसतें. ज्यांच्या आजे-पणज्यांनीं साहेबाच्या घोड्यासाठीं याच डोंगरांतल्या वाटा झाडल्या, त्यांचीं नातवंडें आतां स्वतःच्या देवाकडे जाणारी वाट झाडीत आहेत.

माघ पौर्णिमा जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत केव्हांहि येते. वनखात्याचा वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीला सुरू होतो, आणि तत्पूर्वीं जाळरेषा जाळून झालेल्या असाव्या लागतात. म्हणून कचारगडचे यात्रेकरू धनेगांवाहून परत फिरतात त्या दिवसांत सालेकसा-देवरीच्या रानांतून सकाळच्या वेळीं धुराच्या बारीक रेघा वर चढतांना दिसतात. त्यांच्या कडेनें, हातांत हिरव्या डहाळ्या घेऊन, गांवांतलीं माणसें आग पट्ट्याबाहेर जाऊं नये म्हणून उभीं असतात.